टेंभुर्णीची अमेरिकी बहीण

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या दक्षिण भागात मिचेल नावाचं छोटं गाव आहे. अंतराळवीर गस ग्रिसम यांचं हे जन्मगाव. पण सप्टेंबरात इथे जी गर्दी लोटते, ती त्यांच्यासाठी नाही, एका रानफळासाठी. १९४७ पासून मिचेलमध्ये पर्सिमनचा उत्सव भरतो. मिरवणूक, पाळणे, खाण्याचे ठेले हे कुठल्याही जत्रेत असतं तसंच. खरी चुरस असते ती पुडिंगच्या स्पर्धेत. पर्सिमनचा गर, ताक, साखर, मैदा, अंडी, दालचिनी आणि थोडा सोडा एवढ्याच सामानात घरागणिक चव बदलते, आणि कुणाच्या घरचं पुडिंग जास्त काळं, जास्त दाट, यावर हिरिरीने वाद होतात.

गंमत अशी, की ज्या फळासाठी एवढा उत्सव, ते अमेरिकेच्या सुपरमार्केटात सहसा दिसतच नाही. तिथे पर्सिमन म्हणून जे मिळतं ते आशियातलं ‘काकी’, चीन-जपानकडचं, टोमॅटोसारखं दिसणारं. आपल्याकडे हिमाचलातून येतं तेही तेच. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतही बहुधा त्याच्याच फोडी केल्या जातात. अमेरिकेचं अस्सल देशी पर्सिमन वेगळं. शास्त्रीय नाव डायॉस्पायरॉस व्हर्जिनियाना. फळ जेमतेम दोन ते पाच सेंटिमीटरचं, नारिंगी, वर पांढुरकी झाक, आणि आत तीन ते आठ चपट्या, तपकिरी बिया. कनेक्टिकटच्या किनाऱ्यापासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला कॅन्सस-टेक्सासपर्यंत हे झाड आपोआप उगवतं. शेताच्या कुंपणाशी, पडीक कुरणात, रेल्वेच्या कडेला. चौकोनी खपल्यांची जवळजवळ काळी साल पाहून ते हिवाळ्यात पानं नसतानाही ओळखू येतं.

ते बाजारात न येण्याचं कारण त्याच्या पिकण्यात आहे. फळ पूर्ण लिबलिबीत झाल्याशिवाय खाण्याजोगं होत नाही, आणि लिबलिबीत फळ पेटीत भरून दोनशे मैल नेता येत नाही. मिसुरी, इंडियाना, केंटकी भागातले लोक ते झाडावरून तोडतही नाहीत. खाली पडलेलं वेचतात, नाहीतर झाडाखाली चादर पसरून फांदी हलकेच हलवतात. घाई केली की शिक्षा जागच्या जागी. १६०७ साली व्हर्जिनियात उतरलेल्या कॅप्टन जॉन स्मिथनेही या फळाची दखल घेतली आहे. कच्चं फळ तोंडाचे हाल करतं आणि पिकलेलं जर्दाळूच्या तोडीचं लागतं, असा त्याच्या नोंदीचा आशय. त्याच्याही आधी, १५४० च्या सुमारास, एर्नांदो दे सोतोच्या स्पॅनिश तुकडीला इथल्या मूलनिवासींनी या फळाच्या सुकवलेल्या वड्या खाऊ घातल्याचा उल्लेख आहे. ज्यांनी हे झाड शेकडो वर्षं ओळखलं होतं, त्यांना साठवणीची युक्तीही माहीत होती.

कच्च्या फळातलं टॅनिन पाण्यात विरघळतं. घास घेतला की ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि सगळं तोंड आखडतं. पिकताना हेच टॅनिन एकमेकांत गुंतत जातं, विरघळेनासं होतं, आणि तुरटपणा जाणवत नाही. गोठलेलं दंव पडल्याशिवाय पर्सिमन गोड होत नाही, असं तिथली जुनी माणसं छातीठोकपणे सांगतात. पण लवकर येणाऱ्या जाती दंवाच्या कितीतरी आधी, सप्टेंबरातच गोड होऊन पडतात. काम पिकण्याचं असतं, श्रेय थंडीला मिळतं. टॅनिनचा एक विचित्र पैलू डॉक्टरांना ठाऊक आहे. कच्ची फळं भरमसाट खाल्ली तर पोटातल्या आम्लामुळे त्यांचा घट्ट गोळा होऊन बसू शकतो, आणि तो विरघळवण्यासाठी रुग्णाला कोका-कोला देण्याचा उपाय वैद्यकीय नियतकालिकांत गांभीर्याने नोंदवलेला आहे.

असं झाड आपल्या परसात हवं, तर काय करावं? रानातलं रोप उपटून आणावं, हा पहिला विचार बहुतेकांच्या मनात येतो आणि बहुतेक वेळा फसतो. कारण हातभर उंचीच्या रोपाचं सोटमूळ त्याच्याहून खोल गेलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते स्वतंत्र रोप नसतंच. शेजारच्या मोठ्या झाडाच्या मुळातून फुटलेला धुमारा असतो. स्वतःची मुळं फारशी नसलेला. मग उरतात दोन वाटा: रोपवाटिकेतून कलम आणणं, किंवा बी लावणं. कलमाला फळ कोणतं येणार हे आधीच ठाऊक असतं. बियांच्या बाबतीत काहीच ठाऊक नसतं. तरीही दर हिवाळ्यात शेकडो अमेरिकी घरांच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ओलसर शेवाळात घातलेल्या पर्सिमनच्या बिया पडून असतात. या लोकांना वेड लागलं आहे असं म्हणावं, तर आज नावाजलेल्या पर्सिमनच्या अनेक जाती अशाच कुणाच्या तरी बीमधून निघालेल्या आहेत.

बी फ्रिजमध्ये कशासाठी? ती मूळची थंड हिवाळ्याच्या मुलखातली. शरद ऋतूत फळ जमिनीवर पडतं आणि लगेच रुजलं तर कोवळं रोप बर्फात मरणार. म्हणून बीला ओलावा आणि थंडी दोन्ही एकत्र मिळाल्याशिवाय तिची झोप मोडत नाही. दोन ते तीन महिने, तीन ते दहा अंश सेल्सिअसच्या मध्ये. फळातून काढल्यावर गर पूर्ण धुऊन टाकायचा, नाहीतर बुरशी धरते. आणि बी खडखडीत वाळू द्यायची नाही. नवशिके नेमकं इथेच चुकतात. आपल्याकडे वांग्या-मिरचीचं बियाणं उन्हात वाळवून डब्यात ठेवायची सवय. पर्सिमनच्या बीला तो न्याय लावला की तिचा जोम घटू शकतो. ओली वाळू किंवा पीट घातलेली झिपची पिशवी, त्यावर तारीख, आणि अधूनमधून उघडून वास घेणं, एवढं पुरतं. ज्यांना हा सोपस्कार नको असतो ते ऑक्टोबरात सरळ वाफ्यात पेरतात आणि थंडीचं काम हिवाळ्यावर सोपवतात. तेवढी वरून तारेची जाळी लागते, कारण खारींना आणि उंदरांना पेरलेली जागा बरोबर सापडते.

एक किलोत साधारण २,६०० बिया बसतात. पेरण्यापूर्वी त्यांतल्या दोन-चार बिया चिरून पाहण्याची पद्धत आहे. बी चपटी असल्यामुळे तिच्या कडेवर सुरी ठेवून बरोबर दोन भाग करायला हात स्थिर लागतो, आणि आतला भाग इतका टणक, की सुरी घसरून बोटाला लागते. काळजीवाली माणसं बी पकडीत धरतात. दोन पाकळ्या वेगळ्या झाल्या की आत राखाडी, अर्धपारदर्शक, शिंगासारखा कठीण साठा दिसतो आणि त्याच्या मधोमध पांढराशुभ्र कोवळा गर्भ. गर्भ भरदार आणि पांढरा असला तर बी जिवंत. पिवळट, सुरकुतलेला असला तर ती खेपच बाद धरायची.

मिसुरी-आर्कान्सामधल्या ओझार्क डोंगरांत मात्र बी चिरण्याचं कारण वेगळं असतं. तिथे त्या पांढऱ्या गर्भाच्या आकारावरून येणारा हिवाळा सांगतात. चमचा दिसला तर फावड्याने बर्फ उपसावं लागणार. काटा दिसला तर हिवाळा सौम्य. सुरी दिसली तर अंगाला कापत जाणारे वारे. दर ऑक्टोबरात तिथल्या वर्तमानपत्रांत चिरलेल्या बीचे फोटो छापून येतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर गर्भाची दोन दलं मिटलेली असली की चमचा, थोडी उघडलेली असली की काटा, आणि अरुंद राहिली की सुरी. एकाच झाडाच्या दोन फळांत चमचा आणि काटा दोन्ही निघतात, म्हणजे एकाच अंगणात दोन हिवाळे. भविष्य सांगणाऱ्यांचं यामुळे फारसं बिघडत नाही.

वसंतात थंडीतून काढलेली बी दोनेक सेंटिमीटर खोल लावून उबेत ठेवली की तीन-चार आठवड्यांत मातीतून पिवळट-हिरवा वाकडा दांडा वर येतो. इथे पर्सिमनची एक खोड आहे. दांडा सरळ होतो, पण डोक्यावर बीचं कवच आणि आतला तो कठीण साठा टोपीसारखा घट्ट बसलेला असतो. दलं आत कोंडलेली. हवा कोरडी असेल तर टोपी आणखी आवळते. अधीर माणूस चिमटीत धरून ती ओढतो, आणि टोपीबरोबर दलंही तुटून हातात येतात. सराईत माणूस सकाळ-संध्याकाळ टोपीवर पाण्याचा फवारा मारतो, ओल्या कापसाचा बोळा ठेवतो, आणि कवच मऊ झालं की नखाने एका बाजूने हळूच उचकटतो. दलं गेली तरी शेंड्याचा अंकुर शाबूत असेल तर रोप बहुधा सावरतं, फक्त काही आठवडे मागे पडतं. जंगलात ही टोपी काढायला कुणी बसलेलं नसतं. तिथे ओला पालापाचोळा ते काम करतो, आणि जी रोपं अडकतात ती मरतात.

वर वीतभर रोप आणि खाली दुप्पट मूळ, असा पहिल्या वर्षाचा हिशेब असतो. म्हणून उथळ कुंडी चालत नाही. पस्तीसेक सेंटिमीटर खोल, अरुंद, तळाशी जाळी असलेल्या पिशव्या किंवा नळ्या वापरतात. मूळ जाळीपर्यंत पोचून हवेत आलं की टोक सुकतं आणि वरून बाजूची मुळं फुटतात. रोप कुंडीतून काढल्यावर नवख्याला धक्का बसतो, कारण मुळं काळीकुट्ट असतात. सडली म्हणून फेकून देणारेही आहेत. पण हे कुळच काळ्या लाकडाचं. आबनूस याच घराण्यातला.

आणि टेंभुर्णीही. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाच्या जंगलात जिला तेंदू म्हणतात, ती (डायॉस्पायरॉस मेलॅनोझायलॉन) या अमेरिकी झाडाची सख्खी बहीण नसली तरी एकाच प्रजातिकुळातली. आपल्याकडे तिचं नाव निघतं ते पानासाठी. उन्हाळ्यात तोडलेली ७० पानं एका पुड्यात, आणि असे १,००० पुडे एका प्रमाण गोणीत, हा महाराष्ट्रातला हिशेब. वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा हा तेंदूपत्ता स्वतः लिलावात विकू लागल्या. फळाला, म्हणजे टेंभराला, फारसा बाजार नाही; गुरं राखणारी पोरं आणि अस्वलं ते खातात. तेही पिवळं, चिकट, गोड, आणि जरा कच्चं असलं की तोंड बांधणारं. दोघींचा वंश टिकवण्याचा मार्गही एकच आहे. बी रुजवण्यापेक्षा मुळातून धुमारे फोडण्यावर दोघींचा भर. तेंदूची झुडपं उन्हाळ्यापूर्वी छाटतात ती याच भरवशावर, की मुळातून कोवळी, मोठी पानं जोमाने येतील. पर्सिमनच्या बाबतीत हाच गुण अमेरिकी शेतकऱ्याला नकोसा वाटतो. कुरणातलं एक झाड तोडलं की भोवताली वीस उभी राहतात. मिसुरीतल्या कित्येक गुराखी-शेतकऱ्यांच्या लेखी ते तणच.

मुळातून फुटलेलं प्रत्येक झाड मात्र आईची हुबेहूब प्रत असतं. नवं काही हवं तर बीच लागते, आणि बी पसरवायला जनावर. ओपॉसम, रॅकून, कोल्हे, कायोटी, हरणं सगळी या फळावर तुटून पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कायोटीच्या विष्ठेत या बियांचा खच दिसतो. चित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉनने १८४० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या सस्तन प्राण्यांच्या ग्रंथासाठी ओपॉसम रंगवला, तो पर्सिमनच्याच फांदीवर बसवून. काही पर्यावरण-अभ्यासकांचं म्हणणं असं, की एवढं गोड गरगरीत फळ आणि एवढी मोठी बी मुळात मॅस्टोडॉनसारख्या, हिमयुगाच्या अखेरीस संपलेल्या महाकाय प्राण्यांसाठी घडली असावी. तर्क आकर्षक आहे. पण आजच्या लहान प्राण्यांचं काम पाहता झाड त्यांच्यावाचून अडून बसलेलं दिसत नाही.

माणसानेही या झाडाचा उपयोग करून घेण्यात कसर ठेवली नाही. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेची बंदरं रोखली गेली, तेव्हा कॉफीच्या जागी याच्या बिया भाजून दळल्या जात. लाकूड इतकं चिवट आणि गुळगुळीत, की कापड गिरण्यांच्या धोट्यांना ते लागे, आणि गोल्फच्या लांब पल्ल्याच्या काठ्यांची डोकी कित्येक दशकं त्याचीच असत. १९७९ मध्ये गॅरी अ‍ॅडम्स यांच्या टेलरमेड कंपनीने पोलादी डोक्याची काठी बाजारात आणली, तिला टोपणनाव पडलं ‘पिट्सबर्ग पर्सिमन’. पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचं शहर. पुढच्या वीसेक वर्षांत लाकडी काठ्या संपल्या आणि झाडाची ही बाजारपेठही.

बीपासून लावणाऱ्याची खरी परीक्षा मात्र नंतर सुरू होते. रोप जमिनीत लावलं, हरणांपासून वाचवायला भोवती दीड मीटरची नळी बसवली, की वाट पाहायची. पहिलं फूल चांगल्या जागी चार-पाच वर्षांत दिसतं, नाहीतर आठ-दहा. वनखात्याच्या जुन्या पुस्तकी हिशेबाने भरघोस फळाचं वय २५ ते ५०. पहिलं फूल येईपर्यंत झाड नर आहे की मादी हेही कळत नाही. पर्सिमनमध्ये बहुतेक झाडं एकलिंगी. मे-जूनमध्ये फुलं आली की पाहायचं: लहान फुलं दोन-तीनच्या झुबक्यात असतील तर नर, मोठं फूल एकेकटं असेल तर मादी. साधारण निम्मे नर निघतात. दहा बिया लावून आठ वर्षं पाणी घालणाऱ्याच्या वाट्याला पाच फळझाडं, आणि त्यांतल्या दोन-तीनांचं फळ बेचव किंवा बियांनीच भरलेलं. कलमवाल्यांचा मुद्दा इथे बिनतोड आहे.

तरी जुगार थोडा आपल्या बाजूला झुकवता येतो. रानातल्या कुठल्याही झाडाऐवजी चांगल्या मादीच्या फळाची बी घ्यायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इलिनॉयमधल्या ऑल्टनजवळ सापडलेली ‘अर्ली गोल्डन’ ही अशी मूळमाता. तिच्या बीमधून ‘गॅरेटसन’ आणि ‘किलेन’ निघाल्या, आणि किलेनच्या बीमधून ‘जॉन रिक’. इलिनॉयमधल्या सेंट एल्मो गावात जेम्स क्लेपूल यांनी १९७० च्या दशकापासून शेकडो रोपं बीपासून वाढवली आणि झाडागणिक नोंदी ठेवल्या: फळ किती मोठं, देठाची टोपी सहज सुटते का, बिया किती, गर शिजवल्यावर काळा पडतो का. इंडियानातल्या टेरे होटचे जेरी लेहमन यांनी ते काम पुढे नेलं. कुठल्या मोठ्या संस्थेचा कार्यक्रम म्हणून हे उभं राहिलं नाही; हौशी माणसांनी, स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने केलं. न्यू हॅम्पशायरच्या कडाक्यात तग धरणारी, एकटीच फळणारी ‘मीडर’ ही जात तेवढी विद्यापीठातल्या पैदासकाराच्या, एल्विन मीडर यांच्या नावाची.

या सगळ्यात एक पेच गुणसूत्रांचा आहे आणि बी लावणाऱ्याने तो आधी समजून घेतलेला बरा. देशी पर्सिमनचे दोन गट आहेत. एकात ६० गुणसूत्रं, दुसऱ्यात ९०. ढोबळमानाने साठवाले आग्नेयेकडच्या आणि अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या मुलखात, नव्वदवाले उत्तरेला आणि पश्चिमेला, जास्त थंडी सोसणारे. नामांकित जाती बहुतेक नव्वदच्या. दोन गटांतल्या नर-मादीचं जमत नाही. याउलट आशियातल्या काकीतही ९० गुणसूत्रं असल्यामुळे समुद्रापलीकडच्या काकीशी नव्वदवाल्यांचं जमू शकतं. क्रिमियात याल्टाजवळच्या निकित्स्की वनस्पती उद्यानात याच संकरातून ‘रोसियांका’ जन्माला आली.

इथवर वाचून कुणाच्या मनात बी खिशात घालून नाशिक-पुण्याला आणायचा विचार आला, तर तो सोडावा. परवानगीशिवाय बियाणं आणणं भारताच्या विलगीकरण नियमांत बसत नाही, आणि हे झाड कडक हिवाळ्याच्या चक्रावर वाढलेलं आहे.

अमेरिकेतल्या परसात मात्र नर निघालेलं झाडही तोडून टाकायचं नसतं. मे महिन्यात साल सुटू लागली, की हिवाळ्यात कापून फ्रिजमध्ये ठेवलेली मादीची काडी त्याच्या खोडावर सालीखाली बसवतात. मुळं आठ-दहा वर्षांची असल्यामुळे कलम भराभर वाढतं, आणि बहुधा दोन-तीन वर्षांत फळ येतं. शहाणा माणूस एखादी नर फांदी तशीच ठेवतो. पण सगळेच ठेवत नाहीत. कारण नव्वदच्या मादीजवळ नव्वदचा नर नसेल, तर अनेक जाती परागाशिवायही फळ धरतात, आणि ते फळ बिनबियांचं असतं. मिचेलसारख्या गावांत गर गाळायला बसणाऱ्या बायकांना असं झाड हवंच असतं. चाळणीतून फळ सरळ उतरतं, काही वेचावं लागत नाही. बी लावणाऱ्या शेजाऱ्याला मात्र त्या वर्षीच्या बियांच्या पिशवीसाठी दुसऱ्या कुणाच्या कुंपणापाशी जावं लागतं.